निवड कोणाची आणि कोणासाठी?

मार्च 1969 मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहराच्या बास्केटबॉल संघाने आपल्या चाहत्यांना एक चमत्कारिक प्रश्न विचारला. नाणे उडविले जाईल तेव्हा ‘छापा’ म्हणावे की ‘काटा’? संघाचे वय अवघे एका हंगामाचे होते आणि त्या हंगामातील 82 सामन्यांपैकी केवळ 16 जिंकून तो आपल्या विभागाच्या तळाशी बसला होता. दुसऱ्या विभागाच्या तळाशी मिलवॉकीचा संघ होता. त्याचेही ते पहिलेच वर्ष. या दोन पराभूतांपैकी ज्याच्या बाजूने नाणेफेकीचा निकाल लागेल, त्याला त्या वर्षीच्या नवोदित खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा हक्क मिळणार होता. आणि ती निवड कोणाची होणार याविषयी साऱ्या देशात दुमत नव्हते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला अजिंक्यपदे मिळवून देणारा, सात फुटांहून उंच असा तो तरुण म्हणजे ल्यू अल्सिंडर. पुढे तोच करीम अब्दुल-जब्बार या नावाने जगाला माहीत झाला.

चाहत्यांचा कौल ‘छाप्या’च्या बाजूने पडला. संघाच्या व्यवस्थापकाने तो प्रामाणिकपणे पाळला. नाण्याने मात्र काटा दाखविला. मिलवॉकीने 1971 साली अजिंक्यपद पटकावले. फिनिक्सच्या नागरिकांना 2025 सालापर्यंत तरी त्या पदाचे दर्शन घडलेले नव्हते.

आज अमेरिकेतील चाहत्यांना नाणेफेकीचा कौल कोणी विचारीत नाही. तरीही दरवर्षी जून महिना जवळ आला की आपल्या संघाने कोणत्या तरुणाची निवड करावी यावर शहराशहरांतून जो वाद पेटतो, त्याची धग एखाद्या निवडणुकीपेक्षा कमी नसते. शिक्षक, कारकून, टॅक्सीचालक, विद्यार्थी असे सारेच त्यात उतरतात. हा वाद केवळ करमणुकीचा आहे असे समजून सोडून देणे सोपे आहे. परंतु या वादामागे जी व्यवस्था उभी आहे, ती पराभवाला बक्षीस देते आणि ज्याच्या आयुष्याचा निर्णय होत आहे त्याला निर्णयातून वगळते. म्हणूनच तिच्याकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते.

पैशाचा नव्हे, रांगेचा बाजार

भारतीय वाचकाच्या परिचयाचा प्रकार म्हणजे 2008 पासून चालत आलेला आयपीएलचा लिलाव. तेथे बोली लागते, हातोडा पडतो आणि ज्या संघाची बोली मोठी त्याच्याकडे खेळाडू जातो. अमेरिकेतील ‘एनबीए’ या व्यावसायिक बास्केटबॉल साखळीतील नवोदितांची वाटणी याहून अगदी निराळी आहे. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. येथे बोली नाही. येथे रांग आहे. साखळीतील 30 संघ क्रमाने आपापला खेळाडू निवडतात, दोन फेऱ्यांत ही निवड संपते आणि सामान्यपणे गेल्या हंगामात जे संघ सर्वांत दुबळे ठरले ते रांगेत पुढे असतात. ज्या संघाने खेळाडूचे नाव पुकारले त्याच संघाशी त्या खेळाडूला करार करता येतो. साखळीतील इतर संघांची दारे त्याला बंद होतात. ही पद्धत 1947 पासून चालू आहे.

तिचा जाहीर हेतू उदात्त आहे. जो मागे पडला त्याला पुढे येण्याची संधी मिळावी, श्रीमंत शहरांनीच सारे गुणवंत लुटून नेऊ नयेत आणि सामन्यांतील चुरस टिकून राहावी, हा तो हेतू होय. चुरस नसेल तर प्रेक्षक येणार नाही, हे उघड आहे. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने 1964 सालीच दाखवून दिले होते की, क्रीडाव्यवसाय हा इतर व्यवसायांहून वेगळा आहे. साबणाच्या कारखानदाराला प्रतिस्पर्धी बुडाला तर आनंद होतो. क्रीडासंघाचा प्रतिस्पर्धी बुडाला तर त्याचा स्वतःचाच माल विकला जात नाही. तेव्हा दुबळ्याला हात देण्यात मालकांचेही हित आहे, हे मान्य केलेच पाहिजे. प्रश्न आहे तो हा हात कोणाच्या खांद्यावरून पुढे केला जातो, हा.

चाहत्यांचा वाद आणि तज्ज्ञांचे अज्ञान

प्रथम चाहत्यांच्या वादाकडे पाहू जाता, तो वाटतो तितका पोरकट नाही असे आढळते. त्याचे दोन जुने पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, संघात ज्या जागी उणीव आहे ती भरून काढणारा खेळाडू घ्यावा. दुसरा म्हणतो, उणीव आज आहे, उद्या नसेल; तेव्हा जागेचा विचार न करता जो सर्वांत गुणी असेल तो घ्यावा. याला छेद देणारा आणखी एक वाद असतो. चार वर्षे महाविद्यालयात खेळून तयार झालेला, पण वाढीला फारसा वाव नसलेला बावीस वर्षांचा तरुण घ्यावा, की कच्चा, चुका करणारा, परंतु ज्याच्या हातापायांच्या लांबीत भविष्य दिसते असा एकोणीस वर्षांचा मुलगा घ्यावा? आजचे निश्चित उत्पन्न आणि उद्याचे अनिश्चित उत्पन्न यांतील ही निवड आहे. गुंतवणुकीच्या सिद्धांताचा तास घेणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

आणि या परीक्षेत तज्ज्ञांचे गुण चाहत्यांपेक्षा फार अधिक आहेत असेही नाही. 1984 साली पोर्टलंडच्या संघाला दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली होती. त्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर हा गुणी तरुण संघात आधीच होता, म्हणून व्यवस्थापकांनी उणीव भरून काढण्याचे धोरण स्वीकारले आणि सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले. त्यामुळे तिसऱ्या क्रमांकावर शिकागोच्या पदरात मायकेल जॉर्डन पडला. बोवीची कारकीर्द पायांच्या दुखापतींनी ग्रासली; जॉर्डनने शिकागोला सहा अजिंक्यपदे दिली. 2014 साली निकोला योकिच या सर्बियन तरुणाचे नाव 41 व्या क्रमांकावर पुकारले गेले. त्या क्षणी दूरचित्रवाणीवर खाद्यपदार्थाची जाहिरात चालू होती. हाच योकिच पुढे 2021, 2022 आणि 2024 या तिन्ही वर्षी साखळीतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. चाळीस वेळा नावे पुकारली गेली, आणि गुप्तहेरांसारखे जगभर हिंडणारे निवडतज्ज्ञ पदरी असूनही संघांनी त्याला पुढे ढकलले.

फिनिक्सचीच गोष्ट पाहावी. 1996 साली संघाने 15 व्या क्रमांकावर स्टीव्ह नॅश या कॅनडातील तरुणाला निवडले तेव्हा जमलेल्या चाहत्यांनी हुर्यो उडविली. संघाने त्याला दोन वर्षांत डलासला देऊन टाकले. 2004 साली तो परत आला आणि 2005 व 2006 अशी ओळीने दोन वर्षे त्याने फिनिक्सकडून खेळताना सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. येथे चाहते चुकले. 2018 साली फिनिक्सला अखेर पहिला क्रमांक लाभला. त्यांनी डीआंद्रे एटन याला घेतले. लुका डॉन्चिच तिसऱ्या क्रमांकापर्यंत खाली गेला. येथे व्यवस्थापक चुकले, असे म्हणावे लागेल. 2021 च्या अंतिम फेरीत हाच फिनिक्सचा संघ मिलवॉकीकडून पराभूत झाला. मिलवॉकीचा नायक यानिस अँटेटोकुन्म्पो हा 2013 साली पंधराव्या क्रमांकावर निवडला गेलेला होता. पहिल्या क्रमांकाचा मानकरी एका बाजूला, पंधराव्याचा दुसऱ्या बाजूला. आणि अजिंक्यपद पंधराव्याच्या बाजूला गेले.

चूक होणे हा दोष नव्हे. एकोणीस वर्षांच्या मुलाचे भवितव्य कोणालाच अचूक वाचता येत नाही. चूक उमगल्यावरही ती कवटाळून बसणे हा मात्र दोष आहे. बॅरी स्टॉ आणि हा होआंग या संशोधकांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 1980 ते 1986 या वर्षांतील निवडी तपासल्या. खेळाडूची प्रत्यक्ष कामगिरी, दुखापती वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनही असे दिसले की, ज्याची निवड वरच्या क्रमांकावर झाली त्याला मैदानावर अधिक वेळ दिला जातो आणि तो अधिक काळ साखळीत टिकतो. निवडीची किंमत मोजून झालेली असते, ती परत येणार नसते. तरीही व्यवस्थापक तिच्यामागे आणखी वेळ आणि पैसा ओततात. बुडीत खर्चाचा हा मोह खाजगी कारखान्यांत आणि सरकारी प्रकल्पांत जसा दिसतो, तसाच तो येथेही दिसतो.

पराभवाला मिळणारे बक्षीस

चाहते आणि तज्ज्ञ यांच्या चुका एकवेळ क्षम्य मानल्या तरी या व्यवस्थेचे दुसरे फळ क्षम्य मानता येणार नाही. सर्वांत तळाच्या संघाला सर्वांत मोठे बक्षीस दिले, तर तळ गाठण्याची स्पर्धा सुरू होते. यात मानवी स्वभावाची कुचेष्टा नाही. हा साधा प्रलोभनाचा नियम आहे. 1984 साली ह्यूस्टनच्या संघाने हंगामाच्या अखेरीस मुद्दाम सामने गमावल्याचा उघड संशय घेतला गेला. पुढल्याच वर्षी साखळीने नाणेफेक बंद करून सोडत सुरू केली आणि बाद फेरीत न पोहोचलेल्या सातही संघांना समान संधी दिली. 1990 पासून मात्र पुन्हा दुबळ्या संघांच्या पारड्यात अधिक चिठ्ठ्या टाकल्या जाऊ लागल्या.

बेक टेलर आणि जस्टिन ट्रॉग्डन या अर्थशास्त्रज्ञांनी या बदलांचा 2002 साली अभ्यास केला. त्यांचा निष्कर्ष शिक्षणक्षेत्रातील आणि प्रशासनातील मंडळींनीही लक्षात ठेवावा असा आहे. हरण्याने निवडीचा क्रमांक सुधारत होता तेव्हा स्पर्धेतून बाद झालेले संघ अधिक हरले. समान संधीच्या वर्षी हा कल नाहीसा झाला. आणि तळाला पुन्हा झुकते माप मिळताच तो परत आला. माणसे तीच, खेळ तोच. बदलला तो केवळ नियम.

या मार्गाने फिलाडेल्फियाचा संघ शेवटच्या टोकाला गेला. 2013-14 ते 2015-16 या तीन हंगामांत त्याने 246 सामन्यांपैकी अवघे 47 जिंकले. वरच्या क्रमांकाच्या निवडी साठवीत राहण्याचे ते जाहीर धोरण होते, आणि चाहत्यांनी त्यावर श्रद्धा ठेवावी अशी घोषणाही रूढ झाली. त्यातून जोएल एम्बीड लाभला आणि 2023 साली तो सर्वोत्तम खेळाडूही ठरला. परंतु ज्यासाठी हा सारा खटाटोप केला ते अजिंक्यपद पुढील दहा वर्षांतही हाती आले नाही. अखेर 2019 च्या निवडीपासून साखळीने तळाच्या संघाची पहिल्या क्रमांकाची संधी 25 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आणली आणि शेवटच्या तिन्ही संघांना ती समान दिली. मोह कमी झाला. त्याचे मूळ मात्र राहिले.

या तीन वर्षांत तिकिटाचे पैसे कोणी भरले, हा प्रश्न विचारला पाहिजे. महिन्याच्या पगारातून बाजूला काढलेल्या पैशांनी मुलाला सामन्याला नेणाऱ्या बापाला त्या संध्याकाळी जे विकले गेले ते स्पर्धेच्या नावाने विकले गेले, आणि स्पर्धा तर मालकाला नको होती. याहून दुःखाची गोष्ट म्हणजे खुद्द चाहताच हळूहळू आपल्या संघाच्या पराभवाची इच्छा धरू लागतो. हरलो तर बरे, क्रमांक वर येईल, हा हिशेब तो मनातल्या मनात करू लागतो. ज्या खेळाने विजिगीषा शिकवावी त्याने हे शिकवावे, ही शोकांतिका आहे.

ज्याला कोणी विचारीत नाही

आता या साऱ्या चर्चेत ज्याचे नाव सर्वांत अधिक घेतले जाते, पण ज्याचे मत कोणी घेत नाही, त्या तरुणाकडे वळू या. 1969 चा अल्सिंडर त्या मानाने भाग्यवान होता. त्या काळी अमेरिकेत आणखी एक प्रतिस्पर्धी साखळी होती. तिच्यातील न्यूयॉर्कचा संघही त्याला घेऊ इच्छीत होता. अल्सिंडरने दोन्ही बाजूंना एकेक प्रस्ताव मांडण्यास सांगितले आणि जो सरस वाटला तो स्वीकारला. खरेदीदार दोन असले की श्रमिकाला आवाज असतो. 1976 साली ती प्रतिस्पर्धी साखळी बंद पडून तिचे चार संघ एनबीएमध्ये सामील झाले आणि नवोदितांसमोर एकच मोठा खरेदीदार उरला. अर्थशास्त्रात ज्याला क्रेत्याची मक्तेदारी म्हणतात, तिचे हे शुद्ध स्वरूप होय.

तरीही वेतनाबाबत घासाघीस करण्याची थोडी मोकळीक होती. 1994 साली पहिल्या क्रमांकाच्या ग्लेन रॉबिन्सनने मिलवॉकीशी दहा वर्षांचा 6 कोटी 80 लाख डॉलरचा करार केला. मालकांचे डोळे पांढरे झाले, आणि 1995 च्या सामूहिक करारात पहिल्या फेरीच्या नवोदितांचे वेतन तक्त्याने बांधून टाकण्यात आले. 2005 च्या करारात वयाची अट आली. शालेय शिक्षण संपताच थेट साखळीत येण्याचा रस्ता बंद झाला. या करारांवर खेळाडूंच्या संघटनेची सही आहे हे खरे. परंतु संघटनेत मत कोणाला होते? जे आधीच आत आले होते त्यांना. जे बाहेर रांगेत उभे होते त्यांच्या वतीने बोलणारा तेथे कोणीच नव्हता. आतल्यांनी आपला वाटा राखण्यासाठी बाहेरच्यांचा वाटा सोडून द्यावा, हा प्रकार अन्य कामगार चळवळींनाही अपरिचित नाही.

दुसऱ्या फेरीतील तरुणाची अवस्था तर आणखी विचित्र. त्याच्यावर संघाचा हक्क लागतो, पण त्याला नोकरीची हमी मिळत नाही. 2015 साली पंजाबातील बल्लो के या गावचा सतनामसिंग भामरा याला डलासने 52 व्या क्रमांकावर निवडले, तेव्हा भारतात आनंद झाला आणि तो रास्तच होता. भारतात जन्मलेला खेळाडू निवडला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. मात्र एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

ज्याने विरोध केला त्याच्या वाट्याला काय येते, तेही दिसले आहे. 1999 साली स्टीव्ह फ्रान्सिसने व्हँकूव्हरच्या संघाकडे जाण्यास नकार दिला आणि अखेर त्याला ह्यूस्टनकडे पाठवावे लागले. व्हँकूव्हरच्या चाहत्यांनी त्याला कृतघ्न ठरविले. वस्तुतः त्याने त्या शहराकडून काही घेतलेलेच नव्हते. शिक्षकाला किंवा कारकुनाला बदलीचा हुकूम येतो तेव्हा तोही कष्टी होतो. पण ज्या खात्यात तो रुजू झाला ते खाते त्याने अर्ज करून स्वतः निवडलेले असते. या तरुणाला तेवढेही स्वातंत्र्य नाही. तो कोट्यधीश होणार म्हणून त्याच्या हक्काची चर्चा व्यर्थ, असे म्हणणारे हे विसरतात की, हक्क हा पगाराच्या आकड्यावर अवलंबून नसतो.

समतोलाचा युक्तिवाद

यावर हुकमी उत्तर येते: ड्राफ्ट रद्द केला तर लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क सारे हिरे वेचून नेतील. या आक्षेपात तथ्याचा अंश आहे. सॅन अँटोनियोसारख्या लहान शहराला 1987 साली डेव्हिड रॉबिन्सन आणि 1997 साली टिम डंकन मिळाला तो पहिल्या क्रमांकाच्या निवडीनेच, आणि त्या शहराने पाच अजिंक्यपदे मिळविली. परंतु त्याच संघाचे दुसरे दोन आधारस्तंभ, टोनी पार्कर आणि मानू जिनोबिली, अनुक्रमे 28 व्या आणि 57 व्या क्रमांकावर निवडलेले होते, हे सोयीस्करपणे विसरले जाते. तेथे रांगेपेक्षा शोधक दृष्टी कामास आली.

शिवाय रांग खेळाडूला आणून देते. टिकवून ठेवीत नाही. सायमन रॉटेनबर्ग याने 1956 साली बेसबॉलच्या संदर्भात मांडले होते की, बंधने असोत वा नसोत, गुणवत्ता अखेर तेथेच जाते जेथे तिचे मोल अधिक आहे. बंधनांमुळे बदलतो तो इतकाच की त्या मोलाचा मोठा वाटा खेळाडूऐवजी मालकाच्या खिशात जातो. जब्बारने 1975 साली मिलवॉकी सोडून लॉस एंजेलिस गाठले. क्लीव्हलंडने 2003 साली निवडलेला लेब्रॉन जेम्स 2010 साली मायामीला गेला. समतोल राखण्यासाठी साखळीपाशी दुसरे साधन आहेच: 1984-85 च्या हंगामापासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाला मर्यादा आहे. ही मर्यादा कसोशीने पाळली आणि तिच्या आत राहून प्रत्येक नवोदिताला कोणत्याही संघाशी बोलणी करू दिली, तर एकच शहर सारे हिरे वेचू शकणार नाही. ज्या संघात त्या तरुणाला खेळण्यास जागा आहे, उत्तम प्रशिक्षक आहे, तेथे जाण्यास तो राजी होईल; आणि नवोदितांना आकर्षित करण्यासाठी मालकांना हरण्याऐवजी संघ नीट चालवावा लागेल. हे स्वप्नरंजन नव्हे. अमेरिकेतीलच महिलांच्या व्यावसायिक फुटबॉल साखळीने 2024 साली खेळाडूंच्या संघटनेशी केलेल्या करारात ड्राफ्ट रद्द केला.

हे सारे होत असताना चाहत्यांनी वाद थांबवावा असे कोणी म्हणणार नाही. उलट तो वाढवावा. 2025 च्या फेब्रुवारीत डलासच्या संघाने डॉन्चिचला लॉस एंजेलिसकडे देऊन टाकले, तेव्हा चाहते संतापून निदर्शनांना उतरले. मे महिन्यात त्याच संघाला अवघ्या 1.8 टक्के संधी असताना सोडतीत पहिला क्रमांक लागला आणि जूनमध्ये कूपर फ्लॅग हा अठरा वर्षांचा तरुण त्याच्या पदरात पडला. व्यवस्थापनाच्या निर्णयाचा जाब मागणाऱ्या शहराच्या हाती अशा रीतीने नवी आशा ठेवण्यात आली. ड्राफ्ट हे आशेचे दुकान आहे, आणि आशा हा माल असा की तो वर्षानुवर्षे खराब निघाला तरी गिऱ्हाईक तुटत नाही.

1969 साली फिनिक्सच्या चाहत्यांना ‘छापा की काटा’ एवढेच विचारले गेले आणि त्यांनी तेवढेच उत्तर दिले. आज त्यांच्या नातवंडांना ‘हा की तो’ एवढेच विचारले जाते. ज्या दिवशी ते आपणहून पुढचा प्रश्न विचारतील, की आमचा संघ हरला तर त्याला बक्षीस का, आणि या मुलाला कोठे जायचे आहे हे त्यालाच का विचारू नये, त्या दिवशी या वादाला खरे मोल येईल.